नवा मोठा टीव्ही, लग्नाची जुनी डीव्हीडी: चित्र भुरकट दिसतं, अपस्केलिंग प्लेअर घेऊ का?

दिवाळीच्या ऑफर संपल्या की ही तक्रार सुरू होते आणि उन्हाळ्याची लग्नसराई संपेपर्यंत थांबत नाही. सोलापुरात मी टीव्ही बसवून देतो, जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. तक्रारीचे शब्दसुद्धा आता पाठ झालेत. "मालक, टीव्ही नवा कोरा आहे, यूट्यूब एकदम कडक दिसतं, पण लग्नाची डीव्हीडी लावली की सगळं भुरकट. टीव्हीत फॉल्ट आहे का?"

परवाची केस जुळे सोलापुरातल्या एका अक्कांची. ५५ इंची फोर-के टीव्ही, लग्न २०११ सालचं. "एवढा पैसा घातला आणि माझ्याच लग्नात मी मला सापडंना," म्हणाल्या. टीव्ही जिथून घेतला तिथल्या पोरानं सांगितलं की १०८०पी अपस्केलिंगवाला, म्हणजे छोटं चित्र फुल एचडीच्या मापापर्यंत मोठं करणारा प्लेअर घ्या, जुनी डीव्हीडी फुल एचडी होते. त्यांनी घेतला. खोक्यावर सोनेरी अक्षरात तसंच छापलेलं होतं. फरक जवळजवळ शून्य. मग पुण्याचा भाचा म्हणाला, अपस्केलिंग म्हणजे फसवाफसवी, एचडी डिस्क वाजवणारा ब्लू-रे प्लेअरच पाहिजे. तो घ्यायच्या आधी त्यांनी मला फोन केला, हे बरं झालं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. अपस्केलिंग प्लेअर खऱ्या एचडी डिस्कची जागा घेऊ शकत नाही. आणि ब्लू-रे प्लेअर आणला तरी तुमची लग्नाची डीव्हीडी डीव्हीडीच राहणार. पण तुम्हाला दिसणारा भुरकटपणा सगळाच डिस्कचा असतो असंही नाही. बहुतेक घरांत निम्मा दोष वायर आणि सेटिंगचा निघतो, आणि तो अर्ध्या तासात जातो. म्हणून पैसे काढण्याआधी खालचं करून बघा.

आधी डिस्क कुठली ते बघा

कव्हरवर काय छापलंय त्यावर जाऊ नका. त्या काळात "एचडी क्वालिटी" असं वधूवरांच्या फोटोखाली सर्रास छापत होते. डिस्क कॉम्प्युटरला लावा आणि आतले फोल्डर बघा. 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असला तर डीव्हीडी. 'एमपीईजी एव्ही' आणि त्यात डॅट फाइल असली तर व्हीसीडी. 'बीडीएमव्ही' दिसलं तर नशीबवान आहात, ती ब्लू-रे किंवा त्याच पद्धतीनं लिहिलेली एचडी डिस्क आहे.

व्हीसीडी निघाली तर अपेक्षा तिथंच कमी करा. तिचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे डीव्हीडीच्या पाव भागापेक्षाही कमी. २००५च्या आसपासच्या कित्येक लग्नांच्या व्हीसीडी माझ्याकडे येतात, आणि त्या ५५ इंचावर लावणं म्हणजे पासपोर्ट फोटोचा बॅनर करण्यासारखं आहे.

चित्र भुरकट नाही पण मध्येच अडकतंय, चौकोन चौकोन होऊन फुटतंय, असं असेल तर तो वेगळा आजार. डिस्क घाण झाली आहे, चरे पडलेत किंवा तिचा रंगथर उतरत चालला आहे. मऊ कपड्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. लोखंडी कपाटात, पत्र्याखालच्या खोलीत सोलापूरचे पंधरा-वीस मे महिने काढलेली घरी लिहिलेली डिस्क चालतेय हेच खूप. ती चालतेय तोवर आजच कॉपी करून ठेवा.

मग वायर

अक्कांच्या घरी पहिल्यांदा टीव्हीच्या मागं हात घातला तेव्हाच कळलं. नव्या प्लेअरला एचडीएमआयचं भोक होतं, पण जोडलेली होती ती पिवळी-लाल-पांढरी तीन पिनांची वायर, कारण खोक्यात तीच आली होती. प्लेअरचं अपस्केलिंग त्या पिवळ्या वायरीतून जातच नाही. पिवळी वायर ५७६ ओळींचं जुन्या पद्धतीचं चित्रच नेऊ शकते, आणि तेही रंग आणि उजेड एकाच तारेत कालवून. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि नीट वेगळे होत नाहीत. लाल शालूच्या काठावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते यामुळे. म्हणजे अक्कांनी अपस्केलिंगचे पैसे भरले होते आणि अपस्केलिंग चालूच नव्हतं.

साधी एचडीएमआय केबल पुरते. सोन्याचा मुलामा असलेली, हजार-दीड हजाराची केबल कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. डीव्हीडीसाठी तिचा काडीचा उपयोग नाही.

जुना प्लेअरच वापरायचा असेल आणि त्याला एचडीएमआय नसेल, तर मागं लाल-हिरवी-निळी अशी तीन चित्राची भोकं आहेत का बघा. ती कॉम्पोनंट. पिवळ्यापेक्षा ती बरीच चांगली. फक्त आवाजाची लाल-पांढरी वायर वेगळी लावावी लागते. एक गंमत लक्षात ठेवा: पुष्कळ टीव्हींना पिवळं आणि हिरवं मिळून एकच भोक असतं. चित्र अचानक काळं-पांढरं दिसलं तर टीव्ही बिघडलेला नाही, वायर एक पद्धतीची आणि सेटिंग दुसऱ्या पद्धतीचं झालंय.

नवरदेव जाड का दिसतोय

२०११च्या आधीची पुष्कळ शूटिंग ४:३ आकाराची, म्हणजे जुन्या डबा टीव्हीच्या मापाची. नवा टीव्ही १६:९चा. टीव्ही चित्र ओढून कडेपर्यंत भरतो आणि सगळं वऱ्हाड आडवं वाढतं. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझमध्ये ४:३ किंवा ओरिजिनल करा. दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील, येऊ देत. घरच्यांना ते पट्टे आवडत नाहीत, "स्क्रीन वाया जाते" म्हणतात. मी त्यांना म्हणतो, मग सासूबाई जाड दिसल्या तर माझ्यावर येऊ नका.

याच्या उलटा प्रकार जास्त नुकसान करतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्क १६:९ची असते, पण प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा आकार अजून ४:३ लेटरबॉक्सच राहिलेला असतो, कारण तो प्लेअर दहा वर्षांपूर्वी डबा टीव्हीला लावलेला होता. मग प्लेअर चित्र दाबून वरखाली काळे पट्टे घालतो, आणि ५७६ ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राला ४३२च उरतात. पुढे टीव्हीवर झूम करून कुणीतरी ते पट्टे घालवतं. पाव चित्र तिथंच गेलं. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप १६:९ करा आणि टीव्हीचं झूम काढा. भुरकटपणा तेवढ्यानं कमी झालेली घरं मी पाहिली आहेत.

कंगव्याचे दात

आता जरा डोक्याचं काम.

आपल्याकडचं जुनं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या ओळी. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, आणि कुठल्याही दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. डबा टीव्ही ती तशीच एकामागून एक रंगवायचा, त्यामुळे हालचाल लोण्यासारखी दिसायची. आजचा एलईडी टीव्ही सगळं चित्र एकदम दाखवतो. त्याला दोन अर्धी जुळवावी लागतात. जुळवणी कच्ची असली की हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात येतात, किंवा ते दात लपवायला टीव्ही अर्ध्या ओळीच टाकून देतो आणि चित्र मऊ पडतं.

मी तपासायला माझ्याकडची गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीची जुनी डीव्हीडी वापरतो. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज म्हणजे या कामासाठी देवानंच पाठवलेली चाचणी आहे. सरळसोट उभी काठी, आणि ती पेलणारा माणूस चालतो तशी फ्रेममध्ये आडवी सरकते. जुळवणी चुकली तर काठीची कड करवतीसारखी होते. त्याच्या अंगातल्या बाराबंदीच्या पांढऱ्या सुरकुत्यांतही लगेच कळतं. तुमच्याकडे लग्नाची डीव्हीडी असेल तर वरातीतला, कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून आडवं जातंय असा तुकडा निवडा. स्टेजवर नुसते बसलेले नवरा-नवरी तपासायला घेऊन उपयोग नाही, स्थिर चित्रात सगळेच प्लेअर गुणी दिसतात.

आता तोच तुकडा तीन वेळा बघा. प्लेअरच्या रिमोटवर एचडीएमआय किंवा रिझोल्यूशन असं बटण असतं (काही प्लेअरमध्ये डिस्क थांबवल्याशिवाय ते चालत नाही). एकदा ५७६आय, एकदा ५७६पी, एकदा १०८०पी (आकडा ओळींचा; आय म्हणजे दोन हप्त्यांतलं चित्र, पी म्हणजे जुळवलेलं अख्खं). पहिल्यात जुळवणी आणि मोठं करणं दोन्ही टीव्ही करतो. दुसऱ्यात जुळवणी प्लेअरची, मोठं करणं टीव्हीचं. तिसऱ्यात जुळवणी आणि १०८०पर्यंत वाढवणं प्लेअर करतो, आणि टीव्ही फोर-के असेल तर उरलेलं तो स्वतः करतो. प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नुसत्या आठवणीवर विश्वास ठेवू नका.

चांगल्या कंपनीच्या टीव्हीवर माझ्या अनुभवात पहिलाच पर्याय बहुतेक वेळा जिंकतो. म्हणजे टीव्हीच्या पोटातला अपस्केलर स्वस्त प्लेअरमधल्या अपस्केलरपेक्षा सरस असतो. तुमच्या टीव्हीत अपस्केलिंग आधीपासून आहेच. नसतं तर डीव्हीडीचं चित्र पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं दिसलं असतं. खोक्यावरच्या सोनेरी अक्षरांत हे कुणी लिहीत नाही. स्वस्तातल्या, नाव नसलेल्या टीव्हीवर मात्र उलटं होतं आणि प्लेअरला १०८०पीवर ठेवणं फायद्याचं ठरतं. म्हणून तुमच्या घरी काय ते तुमच्याच डोळ्यांनी ठरवा.

चित्र दातरं नाही, पण हालचाल मागं-पुढं थरथरतेय? तर एडिटिंगच्या वेळी दोन हप्त्यांचा क्रम उलटा लागलेला असू शकतो. मिनी डीव्ही, म्हणजे शूटिंगच्या कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटवर, खालच्या ओळी आधी येतात. डिस्क करताना कुणी 'वरच्या आधी' असं लावलं की हा घोळ होतो. ओळखायची सोपी खूण: ही डिस्क जुन्या डबा टीव्हीवर नीट दिसत होती का? दिसत होती तर क्रम बरोबर आहे, दोष आत्ताच्या जोडणीत शोधा. उलटा क्रम तिथंही थरथरला असता.

टीव्हीच्या मेनूत शार्पनेस अगदी खाली आणा. शोरूमचा व्हिव्हिड मोड काढा. चेहऱ्यांभोवती पांढरी कड येते ती शार्पनेसची देणगी, ती काही स्पष्टता नव्हे. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करून बघा. मोठं करून कडा कापणारं ओव्हरस्कॅन असेल तर तेही.

आता मुद्द्याचं: अपस्केलिंग नेमकं काय करतं

एवढं केल्यावर चित्र सुधारतं, आणि तरीही यूट्यूबसारखं होत नाही. मग पुन्हा प्रश्न येतो, भारी अपस्केलर घेतला तर?

हिशोब करा. आपल्याकडची डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. फोर-के त्याच्या चौपट, म्हणजे डीव्हीडीच्या बरोब्बर वीसपट. अक्कांच्या टीव्हीवर डीव्हीडीचं चित्र पडदाभर ताणलं की दर वीस ठिपक्यांतला एक डिस्कवरून येतो. उरलेले एकोणीस आजूबाजूला बघून अंदाजानं भरलेले असतात.

हे मी एकदा अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या डिझाइन मास्तरांना समजावून सांगत होतो. आयुष्यभर त्यांनी चादरीची डिझाइनं ग्राफवर चौकट-चौकट भरून काढली. माझं अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे ग्राफ मोठा घेतला, मोर तोच." मग स्वतःच पुढं सांगायला लागले. कमी हुकांच्या जकार्डवरचं (जकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, हुक जास्त तेवढी नक्षी बारीक) डिझाइन जास्त हुकांवर चढवायचं असलं की एका चौकटीच्या चार होतात, कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. चांगला मास्तर हातानं त्या पायऱ्या गोल करतो, पिसाची रेघ सुरेख वळवतो. "पण पिसाचा डोळा पहिल्या ग्राफवर काढलाच नसेल, तर मी तो माझ्या मनानं काढीन. तो त्या डिझाइनचा नसेल."

अपस्केलिंगवर याहून चांगलं मी कुठं वाचलेलं नाही. साधा अपस्केलर चौकटींची सरासरी काढतो. चांगला अपस्केलर कडेची दिशा ओळखून पायऱ्या गोल करतो. एआयवाला पिसाचा डोळा स्वतःच्या मनानं काढतो. तिसरा प्रकार निसर्गदृश्याला, इमारतीला छान वाटतो, पण लग्नात घात करतो. एका गिऱ्हाइकानं स्वतःच एआय लावून आणलेली फाइल मी पाहिली. लांबवर बसलेल्या आजोबांच्या तोंडाचं मेण झालं होतं आणि दात नव्यानं आले होते. आजोबांना शेवटच्या दहा वर्षांत दात नव्हते.

डिस्कवर किती माल भरलाय हाही प्रश्न आहे. डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, ब्लू-रेला ४०, आणि ब्लू-रेवरची दाबण्याची पद्धतही नवी, जास्त हुशार. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, ब्लू-रेच्या एका थरात २५. पूर्ण दर्जा ठेवायचा तर साध्या डीव्हीडीत जेमतेम तासभराचं चित्र बसतं. आपल्या शूटिंगवाल्यांनी काय केलं? हळद, अक्षता, पंगत, वरात, सगळं मिळून तीन तास एका डिस्कवर कोंबलं. म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा नीट मिळाले नाहीत, आणि त्यातच आवाजही आला. आणि अक्षता हा तर डीव्हीडीच्या दाबण्याच्या पद्धतीचा, म्हणजे एमपीईजीचा हाडवैरी. मागच्या फ्रेममधलं जे हललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही, या युक्तीवर ती जागा वाचवते. हजार माणसं एकदम तांदूळ उधळतात तेव्हा न हललेलं काही उरतच नाही. लग्नातला सगळ्यात मोठा क्षण डिस्कवर सगळ्यात वाईट दिसतो, याचं कारण हे. त्या चौकोनांतून कुठलाही प्लेअर तांदळाचा दाणा परत काढू शकत नाही.

मग "डबा टीव्हीवर किती क्लिअर होतं" ते काय होतं? ते तुमच्या बसण्याच्या अंतराचं होतं. चांगली नजर साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्या हिशोबानं २१ इंची डबा टीव्हीच्या ५७६ ओळी सव्वासहा फुटांच्या पलीकडून एकमेकींत मिसळून जातात. आठ फुटांवर बसून बघणाऱ्याला तिथं डीव्हीडीत काहीच कमी वाटायचं नाही. ४३ इंचाला तेच अंतर साडेदहा फूट होतं, आणि ५५ इंचाला साडेतेरा फुटांच्या जवळ. आपला हॉल दहा बाय बारा, सोफा आठ फुटांवर. घर तेवढंच राहिलं आणि टीव्ही वाढला. ज्यांच्याकडे ३२ इंची आहे आणि आठ फुटांवरून बघतात, त्यांना डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक फारसा कळणार नाही. त्यांनी यातलं काहीच घेऊ नये.

आणि ब्लू-रे?

सिनेमाचे शौकीन असाल तर खरी एचडी डिस्क आजही अपस्केल केलेल्या डीव्हीडीच्या पुढं आहे. मोठ्या पडद्यावर तर उघड पुढं आहे. हा वाद नवा नाही. २००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी असे दोन प्रतिस्पर्धी बाजारात उतरले. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडून दिली आणि त्याच वर्षी साध्या डीव्हीडीचं चित्र जास्त रेखीव करून दाखवणारा अपस्केलिंग प्लेअर काढला. लोकांच्या घरी डीव्हीडीचे ढीग होते, त्यांना ते बरंही वाटलं. पण डिस्कवरचे ठिपके तेवढेच राहिले.

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही वाजवतो, आणि ती वाजवताना तोसुद्धा अपस्केलिंगच करतो. भाच्यानं ज्याला फसवाफसवी म्हटलं तेच. ब्लू-रेचा निळसर लेझर बारीक खुणा वाचण्यासाठी आहे, डीव्हीडीला तो प्लेअर लाल लेझरनंच वाचतो. जास्तीचं काही तिथं वाचायला नाहीच. शिवाय बाजारही आटत चाललाय. सॅमसंगनं २०१९मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, आणि सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. परदेशातून कुणी डिस्क पाठवणार असेल तर एवढं बघा: ब्लू-रेमध्ये भारत सी विभागात येतो, अमेरिका ए विभागात. डीव्हीडीत आपण ५, ते १. विभाग जुळला नाही की डिस्क चालत नाही. फोर-के ब्लू-रेला हे विभागांचं लफडं नाही.

तुमचं लग्न एचडीत असू शकतं

हा भाग लोकांना माहीत नसतो. २००८ ते २०१२च्या दरम्यान बऱ्याच शूटिंगवाल्यांनी एचडीव्ही कॅमेरे घेतले होते. ते १४४० गुणिले १०८०चं चित्र टिपायचे, पण त्याच जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवर. गिऱ्हाइकाकडे डीव्हीडी प्लेअर, म्हणून शेवटी चित्र छोटं करून डीव्हीडी दिली जायची. म्हणजे तुमच्या हातात आहे ती छोटी केलेली नक्कल, आणि मोठं मूळ कुणाच्या तरी माळ्यावर. ते मिळालं तर कुठल्याही अपस्केलरची गरज नाही.

म्हणून प्लेअरच्या दुकानात जाण्याआधी शूटिंगवाल्याला फोन करा. नुसतं "मास्टर आहे का" विचारू नका, तो डीव्हीडीच्याच मास्टरविषयी बोलेल. "मूळ कॅसेट किंवा कॅमेऱ्याचा रॉ डाटा आहे का" असं विचारा. कॅसेट मिळाली आणि साध्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यात घातल्यावर निळा पडदा दिसला, तर कोरी समजून फेकू नका. एचडीव्हीची कॅसेट साध्या डीव्ही कॅमेऱ्याला वाचताच येत नाही. एचडीव्ही वाचणारा कॅमेरा आणि फायरवायरचं (कॅमेरा जोडायच्या जुन्या वायरीचं) भोक असलेला कॉम्प्युटर लागतो, दोन्ही आता शोधावे लागतात. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

मूळ मिळालंच नाही तर डीव्हीडीची जशीच्या तशी कॉपी आधी काढून ठेवा. मग त्यावरून टीव्हीसाठी वेगळी फाइल करा. दोन हप्ते नीट जुळवून सेकंदाला ५० फ्रेमची करा, पण आकार ५७६च ठेवा. मोठं करायचं काम टीव्हीला करू द्या, कारण पुढचा टीव्ही आजच्यापेक्षा ते चांगलं करेल. मोठी करून ठेवलेली फाइल कायमची आजच्या अंदाजात अडकते.

अक्कांचा शूटिंगवाला धंदा बंद करून गावी गेला होता. त्याच्या मुलानं पत्र्याची पेटी उघडून तीन कॅसेटी दिल्या. पहिली हळदीची, साधी डीव्ही. दुसरीवर पेननं "अक्षता, एचडीव्ही" लिहिलेलं. ती लावली तेव्हा अक्का, त्यांचे मिस्टर आणि मी असे तिघं दुकानात होतो. मंगलाष्टकं संपली, अक्षता उधळल्या गेल्या आणि डीव्हीडीवर जिथं नुसता पांढरा धुरळा होता तिथं एक-एक दाणा वेगळा, हळदीचा पिवळा रंग लागलेला. अक्कांनी चित्र थांबवायला लावलं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईच्या हातातल्या बांगड्या मोजल्या आणि म्हणाल्या, "ही मावशीच. डीव्हीडीत मी हिला इतकी वर्षं दुसरीच कुणीतरी समजत होते."

तिसऱ्या कॅसेटीवरच्या चिठ्ठीत अक्कांचं नाव खोडलेलं होतं. लावली तर कुणाची तरी वास्तुशांत, तीही पुरी तासभर. तेव्हा कॅसेटी महाग, लोक पुन्हा पुन्हा वापरायचे. त्यामुळे आता त्यांच्या पेन ड्राइव्हवर अक्षतांपर्यंतचं चित्र लख्ख आहे, आणि पंगत सुरू झाली की पुन्हा मऊ पडतं.